निळ्या साडीचं शुद्धिपत्र

आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा आलेलं माणूस स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की एकच वाक्य बोलतं, "हा माझा आवाज नाहीये." कीर्तनकार बोलतात, निवडणुकीचे उमेदवार बोलतात, स्वतःच्या हळदीला स्वतःचंच गाणं वाजवायची हौस असलेल्या नवऱ्या बोलतात. अकरा वर्षं मी हे ऐकते आहे. सुरुवातीला समजावून सांगायचे, की आपला आवाज आपल्याला कानांतून ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. माइकला तुमची हाडं ठाऊक नाहीत, तो फक्त बाहेर पडलेलं तेवढं घेतो. आता समजावत नाही. पाण्याचा ग्लास पुढे करते आणि म्हणते, होईल सवय.

स्टुडिओ म्हणजे पंचवटीत पिठाच्या गिरणीवरची एक खोली. भिंतींना फोम, दाराला जुनी गादी, कोपऱ्यात काचेआड माइक. खाली गिरणी चालू असली की माइकमध्ये ज्वारी दळली जाते, म्हणून आमचं सगळं रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार, गिरणीच्या सुट्टीत. मालक सुधाकरकाका आधी लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. नाशिकमधला प्रत्येक मांडव त्यांनी मागच्या बाजूने पाहिलेला आहे. मी तिथे रेकॉर्डिस्ट. चपलांच्या सेलची रिक्षावरची घोषणा ते सप्तशृंगीची गाणी, सगळं माझ्या हाताखालून जातं.

हल्ली सर्वांत जास्त काम येतं ते कव्हरचं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाजलेलं गाणं आपण पुन्हा गायचं. त्यासाठी मूळ गाण्याचं फक्त संगीत मिळतं, त्याला आम्ही ट्रॅक म्हणतो. गिऱ्हाईक कानाला हेडफोन लावून ट्रॅकवर गातं. मग मी साफसफाई करते. श्वासाचे आवाज कापते, बेसूर जागा कॉम्प्युटरवर ओढून सुरात बसवते, वर थोडा घुमारा देते. चांदवडच्या एका उमेदवाराने तर भाषण रेकॉर्ड करताना मला बजावलं होतं, "ताई, मुद्दे नसले तरी चालतील, पण एको पायजे." मी एको दिला. तो निवडून आला.

या साफसफाईचा मला अभिमान होता. तो पहिल्यांदा खरचटला दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदारामुळे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोसाठी गाणं गायला आले होते. सूर म्हणावा तर एकही जागेवर नव्हता. मी दोन दिवस बसून एकेक स्वर उचलून जागेवर ठेवला. आठ दिवसांनी परत आले.

"ताई, लय गुळगुळीत झालं वो."

"म्हणजे?"

"आमची मंडळी म्हणती, हे कोणाकडून गाऊन आणलं? तुमीच गा म्हनली. ते पयलं वंगाळ व्हतं ना, ते द्या."

मी ते पहिलं काढून दिलं आणि मनात म्हटलं, लोकांना चांगलं-वाईट कळत नाही. मला बरीच वर्षं असं वाटायचं, की लोकांना कळत नाही.

ही सवय घरची. बाबांचा छापखाना होता, एकच ट्रेडल मशीन, त्यावर चळवळीची पत्रकं छापायची. मी अक्षरओळख पत्रकांवर केली. इतर मुलींना परीच्या गोष्टी माहीत होत्या, मला बारा मागण्यांचं निवेदन पाठ होतं. घरात गाणी होती, पण ती शिकवणारी, जागं करणारी. प्रेमाची गाणी म्हणजे माणसाला झोपवायची गोळी, असं आमचं मत होतं आणि मी ते ठणकावून सांगायचे. बाबांची आणखी एक शिस्त होती. छापलेल्या पुस्तिकेत चूक सापडली तर ते रात्रीचं जेवण बाजूला ठेवून शुद्धिपत्र जुळवायचे: अमुक पान, अमुक ओळ, असं छापलं आहे, त्याऐवजी असं वाचावं. ती चिठ्ठी प्रत्येक प्रतीत आम्ही हाताने चिकटवायचो. मी एकदा म्हटलं, एवढ्याशा चुकीसाठी कोण बघतंय? बाबा म्हणाले, "ज्याच्याबद्दल चुकीचं छापलं तो बघतोय."

एकोणिसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, "ऑर्केस्ट्रा की ग्रंथालय?" आमच्या वसाहतीत एप्रिलमध्ये जयंतीला ऑर्केस्ट्रा यायचा. आदल्या वर्षी मी पाहिलं होतं, मंचावर महापुरुषांचे फोटो आणि त्यांच्यापुढे एक बाई पॉप अल्बममधलं प्रेमाचं गाणं गातेय, खाली पोरं नाचतायत. मी लिहिलं: चळवळीच्या मंचावर निळ्या चमकीच्या साडीतली बाई प्रेमाची गाणी म्हणते आणि आपण शिट्ट्या वाजवतो. लाज कोणाला वाटायला हवी? बाबांनी छापलं. मी आणि दोन मैत्रिणींनी चारशे घरांत वाटलं. समितीची बैठक झाली, ऑर्केस्ट्रा रद्द झाला. शेजारच्या तीन वसाहतींनीही पत्रक वाचून रद्द केला. मला तेव्हा जग बदलल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी डीजे आला. ग्रंथालय आजही झालेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या मे महिन्यात, द्राक्षांचा सीझन संपला तेव्हा, दुपारी सव्वाएकला एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी, बोटांवर कात्रीचे जुने घट्टे. नाव सांगितलं, रंजना पगारे. दिंडोरी रोडच्या एका पॅकहाउसमध्ये कामाला. तिथे बायका ओळीने उभ्या राहून द्राक्षांच्या घडातले खराब मणी कात्रीने काढतात आणि घड प्लास्टिकच्या डब्यांत, म्हणजे पनेटमध्ये भरतात.

"एक गाणं म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "एकच. माझ्या आवाजात."

"सगळे स्वतःच्याच आवाजात गातात," मी म्हटलं.

"नाय मॅडम. सगळे नाय."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. मुलगी पल्लवी कळवणला शाळेत शिकवते. तिने आईच्या ऑर्केस्ट्राची एक जुनी व्हिडिओ कॅसेट शोधून ती फोनवर टाकली होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, हुबेहूब, अगदी हुबेहूब. "पोरगी खूश व्हायची सोडून रडायला लागली," रंजनाताई म्हणाल्या. "म्हणती, आई, लोक तर त्या मूळ गाणाऱ्या बाईचंच कौतुक करतायत. यात तू कुठेय? मी विचार करत बसले. मला पण नाय सापडले मी. म्हटलं, एकदा बघू तरी, हाय का काही आपलं."

काका मागून पुढे आले. चष्मा वर केला.

"तुम्ही ऑर्केस्ट्रातल्या ना? अहो, दर जयंतीला यायचात. निळी साडी, चमकीची."

"एकच वर्ष," त्या म्हणाल्या. "निळी एकच वर्ष नेसले."

मी कॉम्प्युटरकडे वळले आणि नसलेली वायर तपासायला लागले. 

ऑर्केस्ट्राची पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. तिथे गायिकेचं नाव गायिकेचं नसतं. निवेदक पुकारतो, "आता येताहेत नाशिकची अमुक," आणि अमुकच्या जागी मूळ गायिकेचं नाव. ते नाव इथे मी मुद्दाम लिहीत नाही. ते रंजनाताईंच्या डोक्यावर पुष्कळ वर्षं बसलं, आता इथे तरी नको. जितकं सारखं गाल तितकं काम. म्हणून ही माणसं सूर-ताल तर उचलतातच, शिवाय कॅसेटमधला श्वास, दोन ओळींमधलं हसणं, शेवटचा उसासा, सगळं उचलतात. स्वतःचं काही निसटलं तर ती चूक धरली जाते. बारा वर्षं रंजनाताई आपल्या चांगल्या गळ्याकडून अशी चूक होऊ न देता जगल्या.

त्यांनी निवडलेलं गाणं तेच होतं, मी त्या जयंतीला ऐकलेलं. तेव्हाच्या खासगी अल्बममधलं, उडतं, तालाच्या मशीनवर ठेका धरलेलं. मुखडा असा:

थांब जरा, अजून गाडी सुटली नाही,
सांगायची गोष्ट ओठांत फुटली नाही.

मी ट्रॅक लावला. रंजनाताई माइकसमोर गेल्या, खांदे ताठ झाले, हनुवटी वर गेली, आणि हेडफोनमध्ये चक्क मूळ गायिका उभी राहिली. हसण्यासकट. काका मान डोलावत होते. मी पण थक्क झाले असते, पण "अजून" या शब्दावर काहीतरी हललं. त्यातला "जू" लांबवताना सूर किंचित खाली लोंबला, थरथरला आणि परत वर आला. मी थांबवलं. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तिथेच.

"ताई, ही लाट मूळ गाण्यात नाहीये."

"हाय की. तशीच हाय. मी तीनशेदा ऐकलंय."

मी मूळ गाणं लावलं. "अजून" सरळ आलं, इस्त्री केल्यासारखं. मी पुन्हा लावलं. रंजनाताईंनी हेडफोन काढून हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"आमच्या भावाची कॅसेट होती," त्या हळूच म्हणाल्या. "पट्टी बाहेर आली होती, पेन्सिल घालून गुंडाळली. त्यावरच शिकले. पट्टी ताणली गेली असेल तिथे."

"असेल."

"म्हणजे मी बारा वर्षं स्टेजवर बिघडलेली टेप गायले? आणि कोणाला कळलं पण नाय?"

काकांना राहवलं नाही. "कळलं असतं तर हुबेहूब म्हणाले असते का बाई?"

त्या हसल्या नाहीत. मी अनुभवी रेकॉर्डिस्टच्या थंडपणाने म्हणाले, "सरळ म्हणा, नाहीतर मी कॉम्प्युटरवर सरळ करते." त्यांनी प्रयत्न केला. पाच वेळा, सहा वेळा. सरळ म्हणायला गेलं की बाकीचं गाणं अडखळायचं. साडेतीनला त्या आत स्टुलावर बसल्या. मी चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तेव्हा त्या चपला घालत होत्या.

"राहू द्या मॅडम. आपलं म्हणून काय होतं, तर तेवढी चूक. ती पण टेपची निघाली."

जिना उतरताना त्यांचा पदर कठड्याच्या खिळ्यात अडकला. तो सोडवून त्या गेल्या. चार वाजता गिरणी सुरू झाली.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, गिऱ्हाईक आत असेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. चांगली जागा कधी येईल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल पुसायला घेतली. शेवटी लांबलचक शांतता होती. कापायला गेले तर तिथे काही हललेलं दिसलं. हेडफोन लावला.

मी चहा सांगायला गेले होते तेव्हा त्या स्टुलावर बसून गुणगुणल्या होत्या. ट्रॅक नव्हता, ठेका नव्हता. तेच गाणं, पण निम्म्याहून हळू आणि मूळ पट्टीच्या बरंच खाली, पन्नाशीतला गळा जिथे आरामात बसतो तिथे. चाळीस सेकंद. मी ते ऐकलं, मग परत ऐकलं. काकांनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही.

इथे एक सांगायला हवं. जुनी गाणी हळू करून गायची सध्या साथ आहे. गिटार घेतलेली मुलं डोळे मिटून कुठलंही गाणं निम्म्या वेगाने म्हणतात, त्यावर एको ओतायला सांगतात आणि त्याला काळजातून गाणं म्हणतात. मी स्वतः शंभरेक तरी अशी करून दिली असतील. गाणं हळू केल्याने खोल होत नाही. घाईत लपलेलं काहीतरी दिसायला लागलं तरच हळू करण्याला अर्थ. बहुतेक वेळा गायकाला ते काय आहे हे ठाऊक नसतं, आणि मग नुसता उशीर होतो.

रंजनाताईंना ठाऊक होतं. मूळ गाण्यात "थांब" हा शब्द ठेक्यावर येतो आणि ठेका त्याच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. लाडिक "थांब" आहे तो. समोरचा थांबणार आहे हे आधीच ठरलेलं आहे. या चाळीस सेकंदांत "थांब" म्हटल्यावर काहीच नव्हतं. श्वास नाही, स्वर नाही. समोरच्याला थांबायचं की जायचं हे ठरवायला वेळ दिलेला होता. मग "जरा" आला, अगदी साधा, मागणं मोठं नाही हे सांगणारा. आणि मग "अजून". वेगात जी लाट मला डाग वाटली होती ती इथे उलगडली. सूर खाली गेला, म्हणजे गाडी गेलीच असावी असं वाटलं. मग थरथरून वर आला, नाही, अजून आहे.

ताणलेली पट्टी कॅसेटमध्ये होती, हे खरं. पण ती कॅसेट कधीच कचऱ्यात गेली असेल. ती लाट इतकी वर्षं सांभाळणारा गळा फक्त यांचा होता. आणि मी ती सरळ करायला निघाले होते.

माझ्या सगळ्या शिक्षणात एक प्रश्न कोणी घातला नव्हता. आम्ही समतेवर लिहिलं, हक्कांवर लिहिलं, पण एखाद्या बाईने एखाद्याला "थांब" म्हणायचं कसं, मान खाली न घालता, लाडात न येता, यावर आमच्याकडे एकही पत्रक नव्हतं. ते या उडत्या गाण्यात होतं, आणि ते बाहेर काढायला जिने आयुष्य घातलं तिला मी मंचावरून उतरवलं होतं.

"त्यांना परत बोलावते," मी काकांना म्हटलं. "पण आधी पत्रकाचं सांगणार."

काकांना सगळं माहीत होतं. ऑर्केस्ट्रा रद्द झाला तेव्हा त्यांचेही लाउडस्पीकर परत आले होते. "कशाला उकरतेस? गिऱ्हाईक आहे. येऊ दे, गाऊ दे, समाधानाने जाऊ दे."

"न सांगता मी माइक चालू करणार नाही."

"मग ती उठून जाईल, तुझं तत्त्व तेवढं राहील आणि गाणं जाईल. पोरगी परत विचारणार, आई, तू कुठेय. तेव्हा काय सांगेल ती?"

ते बरोबर बोलत होते. चाळीस सेकंदांचं गुणगुणणं म्हणजे गाणं नव्हे. रंजनाताईंकडे विचारायला दुसरी जागा नव्हती, आणि पुन्हा जिना चढायचं बळ त्यांनी आणलंच तर ते एकदाच आणलं असतं. तरीही मी फोन केला. मुलीने उचलला. तिच्याच आग्रहावरून रंजनाताई चार दिवसांनी आल्या. त्यांना मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाबांनी फाइलला लावून ठेवलेली त्या पत्रकाची प्रत टेबलावर ठेवली.

"हे मी लिहिलंय."

त्यांनी कागद उचलला नाही. लांबूनच पाहिला.

"माहितीये मला हा कागद. आमच्या पण घरात टाकला होता कोणीतरी." मग माझ्याकडे पाहिलं. "किती वर्षांची होतीस?"

"एकोणीस."

"नाव काय तुझं? मी आपली मॅडम मॅडम करतेय."

"समता."

"हं. घरातूनच आलंय म्हणजे." त्यांनी पाणी संपवलं. "साडीचा रंग बरोबर लिहिलास. बाकी चुकलं. निळी मी जयंतीसाठी म्हणून मुद्दाम घेतली होती. नेहमी लाल नेसायचे स्टेजवर. आणि सुरुवातीची दोन वंदनेची गाणी पण मीच म्हटली होती. तू तेव्हा आली नसशील."

मी आले नव्हते. मी उशिरा गेले होते, मैत्रिणीच्या घरी वेणी घालत बसले होते. चौदा वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

"वसाहतींनी बंद केलं. मग ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, तुमच्यामुळे बोंब झाली, तुम्ही नका येऊ. मी पॅकहाउसला गेले. तिथे तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, बोलायला बंदी. मास्कच्या आत म्हणायचे हेच गाणं. हात हळू चालवावा लागतो गं तिथे. मणी फुटला तर सगळा घड वाया. मग गाणं पण हळू होत गेलं." त्यांनी टेबलावरच्या पत्रकाकडे बोट केलं. "त्या कागदात शेवटी विचारलं होतंस, लाज कोणाला वाटायला हवी. मग, वाटली का कोणाला?"

"मला. आता."

"उशीर केलास."

काका दाराच्या गादीला टेकून उभे होते.  रंजनाताईंनी पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, गेल्या. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, चेहरा पुसला, आणि घड्याळाकडे पाहिलं.

"हे बघ समता, माफ-बिफ करायला मला आज वेळ नाय. गिरणी चारला चालू होते ना?"

"हो."

"मग चल. ते वाजवायचं बंद ठेव. मला कुणाच्या मागे धावायचं नाय."

ट्रॅक लावला नाही. हेडफोनही त्यांनी नको म्हटला. काकांनी कोपऱ्यातली जुनी सूरपेटी काढली आणि एक स्वर धरून ठेवला, तेवढाच आधार. या वेळी खांदे ताठ झाले नाहीत. त्या स्टुलावरच बसल्या, पॅकहाउसमध्ये उभं राहून थकलेली बाई बसते तशा, आणि सुरू केलं.

पहिल्या "थांब"नंतर काकांचा हात भात्यावर अडखळला, कारण पुढचा शब्द त्यांना अपेक्षित होता तिथे आला नाही. मग तेही वाट पाहायला शिकले. अंतऱ्यात एका जागी वरचा सूर रंजनाताईंना लागला नाही. त्या तिथवर गेल्या, पाहिलं आणि शांतपणे खालून वळल्या. "गोष्ट ओठांत फुटली नाही" ही ओळ त्यांनी शेवटी दोनदा घेतली. पहिल्यांदा तक्रारीसारखी. दुसऱ्यांदा नुसती माहिती दिल्यासारखी, आणि मला ती दुसरी जास्त लागली. जुन्या गाण्यातलं हसणं कुठेच नव्हतं.

एकच टेक झाला. सव्वापाच मिनिटं. मूळ गाणं साडेतीन मिनिटांचं आहे.

मी ते लावलं आणि सवयीने पाण्याचा ग्लास भरून ठेवला. सगळेजण म्हणतात ते वाक्य आता येईल म्हणून वाट पाहत होते. रंजनाताई डोळे उघडे ठेवून स्पीकरकडे पाहत होत्या, अनोळखी पाहुणीकडे पाहावं तशा. गाणं संपलं.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

परत लावलं. "अजून"ची लाट आली तेव्हा त्यांनी पोटाशी धरलेल्या पिशवीचा बंद सोडला.

"ती जागा सरळ करायची का?" काकांनी मला विचारलं. त्यांना माझी परीक्षा घ्यायची होती, असं मला आजही वाटतं.

"हात तर लाव," रंजनाताईच बोलल्या.

मी त्यातला एकही श्वास कापला नाही. स्टुलाची करकर आहे, एका ठिकाणी खालून सायकलची घंटा आहे. सगळं आहे. फाइलला नाव द्यायची वेळ आली. आमच्याकडे फाइलला मूळ गाण्याचं नाव आणि पुढे कव्हर असं लिहायची पद्धत आहे, गाणाऱ्याचं नाव कोणी लिहीत नाही. मी विचारलं, "नाव टाकू?"

"टाक."

"काय टाकू?"

"माझंच टाक की. रंजना पगारे. आधी 'नाशिकची' नको, पुढे काही नको." त्या उठल्या. दारात गेल्यावर वळल्या. "तो कागद घरोघर वाटला होतास ना? मग हे पण कुठेतरी छाप. मी काय घरोघर गाऊन दाखवायची नाय."

पल्लवीने ते गाणं फोनवर टाकलं. ऐकणारे फार नाहीत. हुबेहूब असं मात्र एकानेही लिहिलेलं नाही.

बाबा आता नाहीत आणि ट्रेडल मशीन भंगारात गेलं. चारशे घरं शोधून चिठ्ठ्या चिकटवणं मला जमणार नाही, निम्मी वसाहत बदलली आहे. म्हणून या अंकासाठी संपादकांनी स्टुडिओतल्या गमती मागितल्या असूनही ही पानं मी यासाठी वापरली. ज्यांच्याकडे ते पत्रक अजून असेल त्यांनी कृपा करून दुरुस्ती करून घ्यावी.

पत्रक: "ऑर्केस्ट्रा की ग्रंथालय?"

ग्रंथालयाची मागणी कायम आहे, ती तशीच वाचावी.

पान पहिलं, ओळ चौथी. "निळ्या चमकीच्या साडीतली बाई" असं छापलं आहे. त्याऐवजी "गायिका रंजना पगारे" असं वाचावं.